एकट्या माणसाला धम्म कशाला?



तथागतांनी सांगितलेल्या अष्टांगिक मार्गाची सुरुवात सम्यक दृष्टीने होते. आपल्या विहारांतील लहान मुलेही आठही अंगे तोंडपाठ म्हणून दाखवितात. पाठ करणे चांगलेच आहे. परंतु दृष्टी ही पाठ करण्याची वस्तू नव्हे, ती वापरण्याची वस्तू आहे. चष्मा खिशात ठेवून वाचता येत नाही, तशी दृष्टी वंदनेच्या पुस्तकात ठेवून जगता येत नाही.

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सम्यक दृष्टीचा अर्थ अगदी स्पष्ट केला आहे. अविद्येचा नाश हे तिचे काम. कर्मकांडाने काही साधते हा समज टाकणे, ग्रंथ पवित्र म्हणून तो खरा असे मानणे सोडणे, दैवी चमत्कारांवरचा विश्वास सोडणे, आणि मन व विचार मोकळे ठेवणे, हे सर्व तिच्यात येते. सोप्या शब्दांत सांगायचे तर, जे आहे ते जसे आहे तसे पाहावे आणि त्याची कारणे शोधावीत.

आता प्रश्न असा, की ही दृष्टी माणसाला कोठे मिळते? हल्ली आपले शिकलेले, नोकरीला लागलेले तरुण सुटी मिळाली की हिमालयात जातात, तंबू ठोकून राहतात, आणि परत आल्यावर म्हणतात, ‘आमची दृष्टीच बदलली.’ ऐकून समाधान वाटते. परंतु त्यांना पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. बदललेली दृष्टी आता कशाकडे पाहते? डोंगराकडे पाहण्याची रीत बदलली आणि माणसाकडे पाहण्याची रीत तीच राहिली, तर त्या बदलाला सम्यक दृष्टी म्हणता येईल काय? आजच्या प्रवचनाचा विषय हाच आहे.

प्रवास हाही आपला मिळविलेला हक्क आहे

हिमालयात जाण्यापूर्वी आपण थोडे मागे, सातारा जिल्ह्यात जाऊ. साल १९०१. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे खटाव भागात सरकारी कामावर खजिनदार होते. काम कोणते? दुष्काळात सापडलेल्या लोकांसाठी तलाव खोदण्याचे. वडिलांकडे सुटीत राहायला म्हणून लहान भीमराव, त्यांचे मोठे बंधू आणि भाचा असे घरचे मुलगे नवे कपडे घालून, आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. वडिलांना पत्र वेळेवर पोचले नव्हते. मुले महारांची आहेत असे कळताच स्टेशनमास्तर दूर झाला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तोही या अटीवर, की मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि त्याने बाटू नये म्हणून पायी चालावे.

रात्र झाली. टोलनाक्याच्या झोपडीजवळ, डोंगराच्या पायथ्याशी गाडी सोडली. मुलांजवळ खायला भरपूर होते, पण प्यायला पाणी नव्हते. नाकेदाराकडे मागितले तर तो म्हणाला, पाणी डोंगरावर आहे, जाऊन आणा. मुले अन्न समोर असून उपाशी निजली. वडील दुष्काळात लोकांसाठी तलाव खोदवीत होते, आणि त्यांची मुले त्याच मुलखात घोटभर पाण्यावाचून उघड्यावर रात्र काढीत होती.

तेहतीस वर्षांनी, १९३४ साली, बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी थांबले. प्रवासाच्या धुळीने तोंडे माखलेली, म्हणून काहींनी दाराजवळच्या हौदातील पाण्याने तोंडे-पाय धुतले. लगेच ‘तळे बाटविले’ म्हणून आरडाओरडा झाला. परदेशांतील विद्यापीठांच्या पदव्या मिळविलेल्या, गोलमेज परिषदेत भाग घेतलेल्या या पुरुषाला किल्ला पाहू दिला तो बरोबर शिपाई देऊन, आत कोठे पाण्याला हात लागू नये म्हणून.

वाचकहो, हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. तुम्ही पाठीवर पिशवी टाकून डोंगरात जाता, पाण्याची बाटली भरून घेता, कोणी जात विचारीत नाही. ही साधी गोष्ट नाही. तिच्या आधी १९२७ च्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ उचलली गेली, आणि त्यानंतर तो खटला दहा वर्षे चालून १९३७ साली मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने निकालात निघाला. म्हणून मी तरुणांना ‘डोंगरात जाऊ नका’ असे सांगणार नाही. जरूर जा. परंतु पाणी पिताना कोणाच्या तहानेवर आपला प्रवास उभा आहे, ते विसरू नका.

थंड वाळवंट

आमच्या भागातील आम्ही अकरा उपासक-उपासिका एका जुलै महिन्यात लडाखला जाऊन आलो. आषाढ पौर्णिमा तेथेच केली. त्यात कॉलेजात शिकणारे तरुण होते, साठी उलटलेल्या एक आक्का होत्या आणि मीही होतो. मी येथे प्रवासवर्णन लिहिणार नाही. जेवढे धम्माच्या कामाचे आहे तेवढेच सांगतो.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, हिमालय म्हणजे बर्फ, झरे, देवदारांचे रान. लडाख तसा नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला धो धो पाऊस पडतो आणि पाठीमागचे माण-खटाव कोरडे राहतात, हे आपण जाणतो. हिमालयाच्या रांगांमागे लडाखची तीच गत आहे, पण कितीतरी कडक. लेहमध्ये वर्षाला सगळा मिळून सुमारे चार इंच पाऊस पडतो. आपल्या दुष्काळी माणदेशातही याच्या चौपट-पाचपट पडतो! लेह आहे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकरा हजार फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. हवा विरळ. पहिले दोन दिवस नुसते पडून राहावे लागते. जिना चढला तरी धाप लागते आणि डोके ठणकते. डोंगर पाहावेत तर नागडे: तांबडे, पिवळे, जांभळट, राखी. गवताची काडी नाही. उन्हात उभे राहिले तर कातडी भाजते, खडकाच्या सावलीत सरकले तर हुडहुडी भरते.

सिंधू नदीच्या खोऱ्यात, लेहच्या पश्चिमेला, एका लहान गावाबाहेर आम्ही तंबू लावले. जमीन सगळी खडीची, तंबूच्या खुंट्या धरेनात; दोऱ्यांना मोठे दगड बांधावे लागले. रात्री वारा सुटला की कापड फडफडे आणि दगड सरकत. अशा जागी माणसाला आपले लहानपण कळते. मुंबईत फ्लॅट कोणाचा, हुद्दा काय, जात कोणती, हे त्या डोंगरांना ठाऊक नसते. तेथे तुमची किंमत एवढीच, की तुमच्याजवळ ऊब आहे काय, पाणी आहे काय आणि शेजारी कोणी आहे काय.

येथपर्यंत सर्वच प्रवासी सांगतात. आता त्यापुढे चला.

हिरव्या पट्ट्याचे कारण

त्या ओसाड डोंगरांच्या कुशीत मधूनच एक हिरवा पट्टा दिसतो: जवाची शेते, जर्दाळूची झाडे, वाळुंज आणि पॉपलर. हा हिरवा पट्टा एका रेघेशी एकदम थांबतो. रेघेच्या खाली हिरवे, रेघेच्या वर दगड. मध्ये हातभराचेही अंतर नाही. ती रेघ म्हणजे पाण्याचा पाट. वर हिमनदी वितळते, तिचे पाणी डोंगराच्या अंगाने कोरलेल्या पाटाने मैलोगणती खाली आणलेले असते. पाट फुटला की गाव गेले.

तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद आपण ऐकतो, आणि पुष्कळांना तो पंडितांचा विषय वाटतो. त्या पाटाजवळ उभे राहिलात तर तो शेतकऱ्यालाही समजेल. बर्फ आहे म्हणून पाणी आहे, पाट आहे म्हणून शेतापर्यंत पाणी आहे, पाट नीट ठेवणारे हात आहेत म्हणून पाट आहे, आणि एकमेकांशी ठरविलेला नियम आहे म्हणून ते हात एकत्र येतात. यातली एक गोष्ट काढली की पुढच्या सगळ्या जातात. या साखळीत कोठेही देव लागत नाही. नवस लागत नाही. कारण असले की कार्य होते, कारण गेले की कार्य जाते.

पाणी वाटण्यासाठी गाव एक माणूस नेमते. त्याला ते ‘चुरपोन’ म्हणतात. आपल्याकडे धुळे-नाशिककडच्या जुन्या फड पद्धतीत पाटकरी असतो, तसाच. आज कोणाच्या शेताला, किती वेळ, आणि मग कोणाच्या, हे तो पाहतो. श्रीमंत असला म्हणून कोणी पाळी मोडून पाणी वळवू शकत नाही. वळविले तर सारे गाव विचारते. आमच्या आक्का सकाळी पाटाच्या कडेला बसून हे बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, “गुरुजी, आमच्या वस्तीतल्या नळावर असा एक माणूस असता, तर निम्मी भांडणं मिटली असती.”

हल्ली हिमनद्या मागे सरत आहेत, आणि पेरणीच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, पाणी अपुरे पडते. यावर तेथील माणसांनी हात जोडून आभाळाकडे पाहिले नाही. चेवांग नोरफेल या स्थापत्य अभियंत्याने हिवाळ्यातील वाया जाणारे पाणी उंचावर अडवून गोठविण्याची युक्ती काढली. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१३-१४ पासून ‘हिमस्तूप’ उभारण्यास सुरुवात केली. उंचावरून नळाने पाणी खाली आणायचे. वरच्या पाण्याच्या दाबानेच ते नळाच्या तोंडातून कारंज्यासारखे उडते. पंप लागत नाही. हिवाळ्याच्या रात्रीच्या थंडीत उडालेले पाणी पडता पडता गोठते आणि बर्फाचा उंच शंकू तयार होतो. शंकूच्या आकारामुळे बर्फाच्या मानाने उन्हाला पृष्ठभाग थोडाच मिळतो, म्हणून तो हळूहळू वितळतो, आणि पेरणीला पाणी मिळते. आकार स्तूपासारखा, म्हणून नाव हिमस्तूप.

आपण स्तूपाला वंदन करतो ते का? त्यातील अस्थींत जादू आहे म्हणून नव्हे. ज्या पुरुषाने दुःखाचे कारण शोधले आणि उपाय सांगितला, त्याची आठवण राहावी म्हणून. मग ज्या स्तूपातून दुसऱ्याच्या शेताला पाणी जाते, त्याच्यापुढेही बौद्ध माणसाचे मस्तक आपोआप लवले पाहिजे. त्याच वाटांवर मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांब भिंती आहेत, हाताने फिरवायची मंत्रचक्रे आहेत. पिढ्यानपिढ्यांची ती श्रद्धा आहे, मी तिची थट्टा करणार नाही. परंतु बाबासाहेबांच्या शिकवणीप्रमाणे सांगणे माझे कर्तव्य आहे, की चक्र फिरविल्याने दुःख कमी होत नाही. पाट बांधल्याने होते.

रोहिणीचे पाणी

पाण्याचा आणि धम्माचा संबंध मी ओढूनताणून लावीत नाही. तो अगदी मुळाशी आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही प्रचलित कथा बाबासाहेबांना पटली नाही. एकोणतीस वर्षांपर्यंत या गोष्टी दृष्टीसच पडल्या नाहीत, हे बुद्धीला कसे पटावे? त्यांनी आपल्या ग्रंथात दुसरे कारण मांडले. शाक्य आणि कोलीय यांच्या राज्यांमधून रोहिणी नदी वाहत होती. दोघांचीही शेती तिच्यावर. पाणी आधी कोणी घ्यावे यावरून दरवर्षी भांडणे होत, आणि एकदा मोठी मारामारी झाली. शाक्य संघाने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ संघाचा सभासद होता. त्याने ठरावाला विरोध केला. आपले दोघे, कोलीयांचे दोघे, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी तंटा मिटवावा, असे त्याने सुचविले. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. शस्त्र घेण्यास त्याने नकार दिला, आणि घर-कुटुंबावर संघाचा कोप येऊ नये म्हणून स्वतः परिव्रज्या पत्करली.

पाच माणसांची ती सूचना आणि गावाने नेमलेला चुरपोन, यांत नाते दिसते की नाही? माणसे एकत्र बसून नियम ठरवितात तेथे पाणी पुरते. बसत नाहीत तेथे नदी असूनही रक्त सांडते.

‘येथे शांती आहे’

आमच्या बरोबरचा एक तरुण फार भारावून गेला होता. हुशार मुलगा, वाचन चांगले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मला म्हणाला, “गुरुजी, खरा धम्म इथंच आहे. बघा किती शांत वाटतं. आपल्या वस्तीत काय आहे? गोंगाट, गटबाजी, जयंतीची वर्गणी आणि कोण अध्यक्ष यावरून भांडण. मला तर वाटतं, इथंच राहावं.”

असे वाटणे साहजिक आहे. गरिबीतून वर आलेल्या, दाटीवाटीत वाढलेल्या मुलाला शांततेची भूक असते. मी त्याला मेघियाची गोष्ट सांगितली. मेघिय हा भिक्खू भगवंतांच्या सेवेत होता. नदीकाठी एक सुंदर आंबराई पाहून त्याला वाटले, ध्यानाला अशी जागा नाही. भगवंतांनी त्याला थांबण्यास सांगितले, कारण त्या वेळी जवळ दुसरा भिक्खू नव्हता. त्याने तीन वेळा आग्रह केला आणि तो गेला. आंबराईत झाडाखाली बसला मात्र, आणि वासनेचे, द्वेषाचे, हिंसेचे विचार त्याच्या मनात गर्दी करू लागले. गोंधळून तो परत आला. भगवंतांनी त्याला मन परिपक्व होण्यासाठी पाच गोष्टी सांगितल्या. त्यांतील पहिली कोणती? कल्याणमित्र. चांगला सोबती.

म्हणजे एकांताला धम्मात जागा आहे, भिक्खू अरण्यात राहतच होते. पण एकांत म्हणजे धम्म नव्हे. आषाढ पौर्णिमेचाच अर्थ पाहा. उरुवेलेला बोधी प्राप्त झाल्यावर तथागत तेथेच वृक्षाखाली बसून राहिले असते, तर जगात एक ज्ञानी पुरुष होऊन गेला असता, धम्म झाला नसता. ते उठले, सारनाथला चालत गेले, आणि पाच माणसांना त्यांनी धम्म सांगितला. ज्या दिवशी बोलणारा आणि ऐकणारे समोरासमोर आले, त्या दिवशी धम्मचक्र फिरू लागले. आणि मग पुढची पंचेचाळीस वर्षे भगवंत माणसांमध्येच चालत राहिले.

तरुणाने ऐकून घेतले. त्याला ते पूर्ण पटलेले दिसले नाही. पटविले ते दुसऱ्या दिवसाने.

ओळीच्या शेवटी बसलेले

दुसऱ्या दिवशी गावात एका वडीलधाऱ्या लामांचे स्वागत होते. गावकऱ्यांनी आम्हालाही बोलाविले. ‘जुले, जुले’ म्हणून हात जोडून आत नेले. लोण्याचा खारट चहा आणि भाजलेल्या जवाचे पीठ पुढे ठेवले. पाहुणचारात कसली उणीव नव्हती. नगाऱ्यांची जोडी आणि सनईसारखे सुरणा हे वाद्य वाजत होते; त्यावाचून तेथे कोणतेही मंगल कार्य होत नाही. लोक मानाप्रमाणे ओळीने बसले. वाजविणारे मात्र ओळीच्या अगदी शेवटी, थोडे अंतर सोडून, खाली बसले. त्यांच्या पेल्यांचीही जागा निराळी.

त्या तरुणाने वाटाड्याला विचारले, “ते लोक तिकडे का बसले?” वाटाड्या भला माणूस होता. तो जरा ओशाळला आणि म्हणाला, “ते मोन आहेत. पूर्वीपासून तसेच बसतात.”

बांधवांनो, ही गोष्ट तेथील एका गावाची नाही. लडाखच्या समाजात मोन आणि बेडा हे वाजंत्री आणि गारा हे लोहार, यांना पिढ्यानपिढ्या खालचे मानीत आले. इतरांनी त्यांच्याशी सोयरीक करू नये, त्यांच्या ताटात जेवू नये, ही रूढी अभ्यासकांनी नोंदविलेली आहे. बेडांपैकी पुष्कळांना जमीनच नव्हती. ज्या पाटाचे मी वर कौतुक केले त्याचीही दुसरी बाजू येथे दिसते: ज्याच्या नावे शेत नाही, त्याच्या नावे पाण्याची पाळीही नाही. तेथील विचारी माणसेही या रूढीविरुद्ध बोलतात, आणि नवी पिढी ती सोडू लागली आहे. परंतु ती होती आणि पुरती गेलेली नाही. ज्या मुलखात आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे अलचीचे विहार आपल्या भित्तिचित्रांसह उभे आहेत, जेथे घराघरांत बुद्धमूर्ती आहे, तेथेही माणसाने माणसाला ओळीच्या शेवटी बसविले!

आमचा तरुण बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “गुरुजी, आमचे आजोबा हलगी वाजवायचे. लग्न गावाचं, वाजंत्री आजोबांची, आणि जेवण उकिरड्याशेजारी.” एवढे बोलून तो उठला आणि त्या वाजविणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसला. त्याच्या मागोमाग आक्का गेल्या, मग आम्ही सगळेच गेलो. कोणी भाषण केले नाही, कोणाला दोष दिला नाही. चहा तेथेच घेतला. वाजविणाऱ्यांपैकी म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहून मान हलविली आणि नगाऱ्याची कातडी शेकायला घेतली. यजमानांना आवडले की नाही, ते मला सांगता येणार नाही. त्या रात्री पौर्णिमा होती. तंबूंसमोर आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले, तेव्हा तो तरुण म्हणाला, “काल मला वाटलं होतं, धम्म या डोंगरांत आहे. पण डोंगरांनी त्या माणसाला कधी वर बसवलं नाही.”

त्याची दृष्टी बदलली ती येथे.

दोन माणसे आली, की धम्म आला

बाबासाहेबांनी धम्म आणि इतर धर्म यांतील फरक दाखविताना एक अत्यंत मूलगामी विचार मांडला आहे. धर्म वैयक्तिक असतो, ज्याने त्याने आपल्यापुरता ठेवावा, असे म्हणतात. धम्म तसा नाही. तो मुळातच सामाजिक आहे. माणूस जगात एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. पण दोन माणसे कोणत्याही नात्याने एकमेकांजवळ आली, की त्यांना धम्माला जागा द्यावीच लागते. आवडो वा न आवडो, सुटका नाही.

थंड वाळवंटात माणसाला हे फार स्पष्ट दिसते, कारण तेथे झाकायला काही नाही. ओसाड डोंगर अन्यायी नाही आणि न्यायीही नाही. वारा कोणाचा तंबू आधी उडवायचा याचा विचार करीत नाही. न्याय आणि अन्याय सुरू होतो तो पहिला पाट निघतो तेव्हा, पहिली पंगत बसते तेव्हा. म्हणून डोंगरातून शांती घेऊन येणे ही अर्धीच कमाई आहे. ती शांती पाण्यापाशी आणि पंगतीपाशी काय करते, यावर धम्म ठरतो.

आणि म्हणूनच लडाखच्या बांधवांकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत. त्यांपैकी ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी जो धम्म दिला, तो आपल्या हातात आहे. जे हजार वर्षांच्या बौद्ध परंपरेत घडले ते आपल्या सत्तर वर्षांत घडणार नाही, असे कोणत्या आधारावर म्हणावे? रूढी ही मूर्ती बदलल्याने जात नाही. ती घराच्या उंबऱ्यात बसलेली असते.

म्हणून प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, पाण्याचा. वस्तीत नळ येतो तेव्हा आपण पाळी पाळतो की ओळखीने घुसतो? वस्तीच्या कडेला नव्याने येऊन राहिलेल्या पालावरच्या भटक्या कुटुंबाला आपल्या नळावर भांडे लावू देतो काय? चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्याच्या नळावरून कोणी तहानलेला परत गेला, तर महाडच्या लढ्याला आपण काय उत्तर देणार?

दुसरा, पंगतीचा. विहारातील भोजनदानाला आपण मातंग, मेहतर, कैकाडी बांधवांना मुद्दाम बोलावितो काय? बोलाविले तर आपल्या शेजारी बसवितो, की ‘तुमच्यासाठी वेगळी व्यवस्था केली आहे’ असे गोड शब्दांत सांगतो? विहार झाडणाऱ्या बाईचा पेला कोठे ठेवलेला असतो? आज संध्याकाळी जाऊन पाहा.

तिसरा, सोयरिकीचा. मुलामुलींची लग्ने जमविताना आपण ‘बौद्ध’ एवढेच विचारतो, की हळूच जुनी पोटजातही विचारतो? बाबासाहेबांनी जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला. आपण जर धर्मांतरानंतरही बारा पोटजातींची चाळणी लावणार असू, तर बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या कशासाठी?

हे प्रश्न अवघड आहेत, मला कल्पना आहे. त्यांची उत्तरे एका दिवसात येणार नाहीत. पण पाट एका दिवसात खणला जात नाही. दरवर्षी वसंतात गाव एकत्र येते, ढासळलेला बांध लिंपते, गाळ काढते, तेव्हा पाणी खाली उतरते. आपल्या वर्षावासाचे तीन महिने अशाच डागडुजीसाठी आहेत. ग्रंथवाचन करा, जरूर करा. पण वाचनानंतर अर्धा तास वस्तीतील एका अन्यायाविषयी बोला आणि कोणी काय करायचे ते ठरवा. तथागतांनी सुचविली होती तशी पाच माणसांची समिती नेमा, वस्तीतील तंटे कोर्टात जाण्यापूर्वी तिच्यापुढे आणा. आणि त्या पाचांत एखादी आक्का अवश्य घ्या. नळावर रोज तीच उभी असते.

तरुणांनो, तुम्ही डोंगरात जा. मुलांना बरोबर न्या. त्यांना नागडा खडक आणि हिरवा पट्टा दाखवा, मध्ये काय आहे ते विचारा, आणि उत्तर त्यांनाच शोधू द्या. कार्यकारणभाव त्यांना पुस्तकापेक्षा तेथे लवकर कळेल. गावात गेलात तर ओळीच्या शेवटी कोण बसले आहे हे पाहण्याची सवय त्यांना लावा. ज्याला शेवटचा माणूस दिसू लागला, त्याला सम्यक दृष्टी लाभू लागली असे समजावे. आणि जो उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला, त्याचा सम्यक कर्मान्तही तेथेच सुरू झाला.

नमो बुद्धाय! जय भीम!